औषध कधी थांबवायचे?

"बाळाला काचेत ठेवलंय, इन्फेक्शन निघालंय, सीआरपी वाढलाय." तालुक्याच्या गावच्या कुठल्याही नवजात अतिदक्षता कक्षाबाहेर बसलेल्या आजीच्या तोंडी आज ही तीन वाक्ये असतात. सीआरपी म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेले नसते. पण तो आकडा उतरला की बाळ घरी येणार आणि चढला की मुक्काम लांबणार, एवढे तिला पक्के कळलेले असते. बाळाचा बाप रोज सकाळी तोच आकडा विचारतो. चिंतेची गोष्ट ही, की पुष्कळदा उपचार करणारेही त्याच एका आकड्याकडे बघून प्रतिजैविक चालू ठेवायचे की बंद करायचे ते ठरवतात.

सीआरपीसारख्या रक्तातल्या खुणा निरुपयोगी आहेत, असे आम्हाला म्हणायचे नाही. त्या फार उपयोगी आहेत. पण ज्या कामाला त्या सर्वांत भरवशाच्या आहेत ते काम आपण त्यांच्याकडून क्वचितच करून घेतो आणि ज्या कामाला त्या तोकड्या पडतात ते त्यांच्यावर टाकतो. औषध सुरू करण्यासाठी त्यांचा आधार लंगडा आहे. थांबवण्यासाठी तो बळकट आहे. आपल्याकडे हे नेमके उलटे चालले आहे आणि त्याची किंमत दीड-दोन किलोची बाळे मोजत आहेत.

आधी डॉक्टरांची अडचण समजून घ्यायला हवी, कारण ती खरी आहे. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो, थंडी वाजते, कुठे दुखते ते तो सांगतो. नवजात बाळाला ताप येईलच असे नाही; अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे अंग उलट गार पडते. ते दूध ओढेनासे होते, मलूल पडते, रडणे क्षीण होते, श्वास मध्येच थांबतो. पण हीच लक्षणे साखर कमी झाल्याने होतात, गारठ्याने होतात, जन्मताना गुदमरल्याने होतात आणि नुसत्या अपुऱ्या दिवसांमुळेही होतात. खरा संसर्ग असला तर सकाळी थोडे कमी दूध प्यालेले बाळ रात्रीपर्यंत हाताबाहेर जाऊ शकते. वाट बघायला वेळ नाही आणि खात्रीची खूण नाही, अशा कोंडीत सापडलेला डॉक्टर औषध सुरू करतो, यात काहीही चूक नाही. आजारी दिसणाऱ्या बाळाला कोणत्याही अहवालाची वाट न पाहता पहिला डोस मिळालाच पाहिजे.

खात्री देणारी चाचणी म्हणजे रक्ताचे कल्चर. बाळाचे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालायचे आणि त्यात जंतू वाढतात का ते बघायचे. त्याला एक-दोन दिवस लागतात. निदान एक मिलिलिटर रक्त लागते. घाईत अर्धाच मिलिलिटर घेतला तर मोजके जंतू निसटतात. आईला प्रसूतीपूर्वी प्रतिजैविक दिले असेल, किंवा बाळाला आधीच्या दवाखान्यातून डोस देऊन पाठवले असेल, तरी कल्चर कोरे येऊ शकते. शिवाय एक किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच 80 ते 90 मिलिलिटर असते, म्हणजे चहाचा कपही पुरता भरणार नाही इतके. दर तपासणीचे रक्त त्यातूनच जाते आणि वारंवार काढले तर बाळाला रक्त चढवण्याची पाळी येते. ही मोजदाद कक्षातल्या परिचारिकांना तोंडपाठ असते. चाचण्या लिहून देणाऱ्यांनाही ती तितकीच असायला हवी.

कल्चरचा निकाल येईपर्यंतची पोकळी भरून काढण्यासाठी रक्तातल्या खुणांचा शोध चालू झाला. सीआरपी त्यातली सर्वांत जुनी. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडले. ते यकृतात तयार होते. जंतू शिरल्यावर शरीरातल्या पेशी इंटरल्युकिन-6 नावाचा संदेश सोडतात, तो यकृताला पोचतो आणि मग सीआरपी बनू लागते. या साखळीमुळेच सीआरपी उशिरा पोचते. रक्तात ती वाढलेली दिसायला सहा ते बारा तास जातात आणि ती शिखर गाठते एक-दोन दिवसांनी. म्हणजे बाळ आजारी दिसू लागले त्याच क्षणी घेतलेली सीआरपी साधारण असली तरी त्यावरून बाळ सुरक्षित आहे असे कोणीही म्हणू नये. दुसरीकडे, लांबलेली प्रसूती, गुदमरणे, पोटात असताना शी केलेले पाणी फुप्फुसात जाणे, एखादी शस्त्रक्रिया यांनीही सीआरपी वाढते. जंतू नसताना वाढते.

प्रोकॅल्सिटोनिन तिच्यापेक्षा चपळ आहे, चार-सहा तासांत चढते. पण निरोगी बाळातही जन्मानंतर पहिल्या दिवसात ते आपोआप वाढते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. म्हणून बाळ किती तासांचे आहे हे न बघता मोठ्या माणसांचा छापील निकष लावला, तर पहिल्या दिवशीची धडधाकट बाळेसुद्धा आजारी ठरतील. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांच्या अहवालावर तोच निकष छापलेला असतो. इंटरल्युकिन-6 सर्वांत आधी वाढते, पण दिवसभरात उतरूनही जाते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवरचा सीडी 64, प्रेसेप्सिन अशी नवी नावे आता पुढे येत आहेत. त्यांचे अभ्यास आशादायक आहेत, मात्र एकट्याने निवाडा करू शकेल असा त्यात अजून एकही नाही.

भारतातल्या नवजात कक्षांनी यातून स्वतःचा एक स्वस्त मार्ग काढला होता, तो 'सेप्सिस स्क्रीन'चा. एकूण पांढऱ्या पेशी 5,000 हून कमी. न्यूट्रोफिल वयाच्या मानाने कमी. अपक्व न्यूट्रोफिलांचे एकूण न्यूट्रोफिलांशी प्रमाण 0.2 हून जास्त. सीआरपी लिटरमागे 10 मिलिग्रॅमहून जास्त. आणि बारीक काचेच्या नळीत तासाभरात रक्तपेशी 15 मिलिमीटरपेक्षा अधिक खाली बसणे. या पाचांतल्या किमान दोन खुणा असतील तर स्क्रीन पॉझिटिव्ह. शेवटची चाचणी तर टाचेच्या चार थेंबांत, विजेच्या यंत्राशिवाय, खाटेशेजारी होते. ही रीत ज्यांनी बसवली त्यांना एकाच आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे हे ठाऊक होते. आज पाचांपैकी सीआरपी तेवढी उरली, कारण ती यंत्रातून आयती छापून येते; रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून अपक्व पेशी मोजणारे हात कमी झाले.

या एकट्या आकड्याचा भरवसा किती? 2020 मध्ये 'जामा पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात रुग्णालयातल्या बाळांना उशिरा होणाऱ्या संसर्गाविषयीच्या 22 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात 2,255 बाळे होती. लक्षणे दिसताच केलेल्या सीआरपीने खरा संसर्ग असलेल्या शंभरांपैकी 62 बाळे पकडली, 38 सुटली. आणि संसर्ग नसलेल्या शंभरांपैकी 26 बाळांवर संसर्गाचा शिक्का बसला. नाणे उडवण्यापेक्षा हे बरे, पण आठ-दहा दिवसांचे इंजेक्शन ठरवण्याइतके बरे नाही.

चाचणी याहून चांगली असली तरी गणित पाठ सोडत नाही. समजा, एक चाचणी दोन्ही बाजूंनी नव्वद टक्के अचूक आहे आणि ती दिसायला ठणठणीत अशा 1,000 बाळांवर केली, ज्यांच्यात खरा संसर्ग 20 जणांना आहे. ती 18 जणांना पकडेल. पण उरलेल्या 980 निरोगी बाळांपैकी 98 जणांनाही पकडेल. पॉझिटिव्ह आलेल्या 116 बाळांपैकी 98 निरोगी. उलट बाजू बघा: निगेटिव्ह आलेल्या 884 बाळांत संसर्गाची फक्त दोन. तीच चाचणी, तीच अचूकता. 'आहे' म्हणते तेव्हा बहुतेक वेळा चुकते आणि 'नाही' म्हणते तेव्हा जवळजवळ कधीच चुकत नाही. सगळ्या बाळांची सरसकट सीआरपी करणाऱ्या प्रसूतिगृहांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

म्हणूनच या खुणांची खरी जागा दुसऱ्या दिवशी आहे. 1998 साली अमेरिकेतल्या विल्यम बेनिट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की शंका आल्यानंतर सीआरपीला वाढायला वेळ देऊन, चोवीस तासांच्या अंतराने केलेल्या दोन्ही सीआरपी जर 10 च्या आत असतील, तर कल्चरने सिद्ध होणारा संसर्ग असण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी राहते. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि चेक प्रजासत्ताक या देशांतल्या 18 रुग्णालयांत 1,710 बाळांवर औषध थांबवण्याचा निर्णय प्रोकॅल्सिटोनिनच्या आधाराने घेऊन पाहिला. प्रतिजैविकाचा सरासरी काळ 65 तासांवरून 55 तासांवर आला. पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत इतके कमी होते, की पद्धत तितकीच सुरक्षित आहे हे संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध करायला ही बाळेही पुरली नाहीत. ही मर्यादा संशोधकांनी स्वतःच नोंदवली आहे. दहा तास म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण तिथे मुळातच औषध तीन दिवसांच्या आत थांबते. आपल्याकडे कल्चर निगेटिव्ह आल्यावरही पाच, सात, दहा दिवस चालवतात. वाचवायचे तास आपल्याकडे कितीतरी जास्त आहेत.

उत्तर कॅलिफोर्नियाच्या रुग्णालयांनी तर सुरुवातीच्या निर्णयातून रक्तचाचणीला बाजूलाच ठेवले. आईचा ताप, पाणी जाऊन झालेला वेळ, दिवस किती भरले आणि बाळ प्रत्यक्षात कसे दिसते, यांवरून धोका मोजायचा आणि बाळाला वारंवार तपासत राहायचे. दोन लाखांहून अधिक बाळांच्या नोंदींवरून 2017 मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की पहिल्या दिवशी प्रतिजैविक मिळणाऱ्या बाळांचे प्रमाण 5 टक्क्यांवरून 2.6 टक्क्यांवर आले आणि नुकसान झालेले दिसले नाही.

'राहू दे चार दिवस जास्त, बिघडते काय?' हा प्रश्न नातेवाईक विचारतात तेव्हा तो प्रेमापोटी असतो. बिघडते. आईच्या अंगाचे आणि दुधाचे उपकारक जंतू बाळाच्या आतड्यात वस्ती करू लागतात तो हाच काळ, आणि प्रतिजैविक त्यांना पुसून काढते. अमेरिकेतल्या 19 केंद्रांमधल्या एक किलोखालच्या बाळांच्या नोंदी 2009 साली अभ्यासल्या गेल्या. कल्चर कोरे असूनही पहिले औषध पाच दिवस किंवा जास्त चालवले, त्या बाळांत आतडे सडण्याचा गंभीर आजार किंवा मृत्यू अधिक आढळला. नोंदींवरून काढलेला हा संबंध आहे, त्याला कारण म्हणता येत नाही. जास्त आजारी बाळांना जास्त औषध दिले गेले असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण तो आक्षेप धरूनही, गरज नसताना औषध चालवण्याच्या बाजूने काही उरत नाही. त्यातच बाळ आत आणि ओली बाळंतीण बाहेर, दूध आटत चाललेले, शिरेतली सुई दोन दिवसांत सुजून पुन्हा नवी शीर शोधायची. ही सुईची जागासुद्धा जंतूंना आत शिरायची वाट आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. परदेशातली बाळे वेगळी, तिथले जंतू वेगळे, आपल्याकडे ही चैन परवडणार नाही, असे अनुभवी बालरोगतज्ज्ञ म्हणतात. त्यांच्या भीतीला आधार आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 दरम्यान झालेल्या अभ्यासात, तिथेच जन्मून अतिदक्षता कक्षात आलेल्या 13,530 बाळांवर नजर ठेवली गेली. कल्चरमध्ये जंतू सापडलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्मी दगावली. जंतू होते असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, ई. कोलाय; असिनेटोबॅक्टरपैकी 82 टक्के अनेक औषधांना न जुमानणारे. ही आकडेवारी वाचल्यावर औषध थांबवायला कोणाचाही हात अडखळेल.

पण तोच अहवाल आणखी बारकाईने वाचला पाहिजे. 14.3 टक्के बाळांना संसर्गाचे निदान झाले आणि जंतू सापडले 6.2 टक्क्यांत. म्हणजे निदान झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना जंतू न सापडता संसर्गग्रस्त म्हटले गेले. त्यातल्या काहींना तो असेलच, कल्चरच्या मर्यादा वर सांगितल्या आहेत. पण सगळ्यांना असेल असे मानायला जागा नाही. आणि दोन तृतीयांश संसर्ग पहिल्या 72 तासांतले होते. जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत असिनेटोबॅक्टरसारखा रुग्णालयातला जंतू बाळाच्या रक्तात येतो तो प्रसूतिकक्षातून आणि बाळाला हाताळणाऱ्या हातांवरून येत असला पाहिजे, अशी दाट शंका घ्यावी लागते. तो औषधांना दाद देत नाही याचे एक मोठे कारण त्याच कक्षांत वर्षानुवर्षे सढळ हाताने वापरलेली औषधे. म्हणजे आजच्या बाळाला भीतीपोटी दिलेला मेरोपेनेम या प्रतिजैविकाचा जादा आठवडा उद्या शेजारच्या खाटेवर येणाऱ्या बाळाचे औषध काढून घेतो. जंतू चिवट आहेत म्हणून औषध जास्त दिवस द्यायचे हे तर्काला धरून नाही. चिवट जंतू आहेत म्हणूनच ज्याला गरज नाही त्याचे औषध लवकर बंद झाले पाहिजे.

महाराष्ट्राला या विषयात बाहेर बघण्याची फार गरजही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. प्रयोगशाळा नव्हती, सीआरपी नव्हती. बाळ चोखायचे कमी झाले का, रडणे क्षीण झाले का, अंग गार किंवा गरम लागते का, हातपाय ढिले पडले का, छातीला खड्डे पडतात का, हे त्या घरी जाऊन पाहत आणि ठरलेल्या खुणा जुळल्या की जेन्टामायसिनचे इंजेक्शन देत. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार संसर्ग झालेल्या बाळांमधले मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले. बाळाकडे पुन्हा पुन्हा, नीट पाहणे ही किती ताकदीची तपासणी आहे, याचा हा पुरावा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू केली. बाळांना संसर्गापासून वाचवायला वरच्या दुधाऐवजी आईचे दूध हवे, हा तिच्यामागचा विचार होता. या दोन्ही कामांना यंत्रे फारशी लागली नाहीत.

जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात मात्र यंत्रे आहेत, आणि तिथे ती शहाणपणाने वापरली गेली पाहिजेत. पहिला डोस जाण्याआधी पुरेशा रक्ताचे कल्चर घेतले गेलेच पाहिजे. आज अनेक ठिकाणी ते घेतले जात नाही. कारण कल्चरची सोय दूरच्या शहरात, निकाल येईतो बाळ घरी गेलेले. सीआरपीचे यंत्र प्रत्येक जिल्ह्यात पोचते आणि कल्चरचे पोचत नाही, ही निवड चुकीची आहे आणि आरोग्य खात्याने ती दुरुस्त करायला हवी. मग छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांनी कक्षप्रमुखाने प्रत्येक बाळाजवळ थांबून विचारायचे: कल्चर कोरे आहे का, दुसरी सीआरपी खाली आहे का, बाळ दूध घेते का? तिन्ही उत्तरे समाधानाची असली तर सुई त्याच दिवशी निघाली पाहिजे. औषध पुढे चालवायचे असेल तर का, हे केसपेपरवर एका ओळीत लिहायचे. पाळीने बदलणाऱ्या निवासी डॉक्टरवर हे सोडू नये. रात्रपाळीतला तरुण डॉक्टर एकट्याने औषध बंद करण्याची जोखीम घेणार नाही आणि त्याने घ्यावी अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. नियम लिहिलेला असला की त्याच्यावरचे ओझे उतरते.

खासगी रुग्णालयांना हाच नियम लागू व्हावा. तिथे एक दिवसाचा मुक्काम म्हणजे एका कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न असते. बाळाच्या बापाने दर सकाळी सीआरपीचा आकडा विचारण्याऐवजी कल्चर घेतले का आणि औषध किती दिवसांचे, हे दोन प्रश्न विचारावेत आणि त्याला साध्या मराठीत उत्तर मिळावे. सरकारी विशेष नवजात कक्षांत दाखल होणाऱ्या बाळांच्या नोंदी संगणकावर जातात. त्यात प्रत्येक बाळाला प्रतिजैविक किती दिवस दिले, कल्चर घेतले की नाही, आणि कोरे आल्यावर औषध किती दिवस चालले, हे तीन रकाने भरणे सक्तीचे करावे आणि जिल्हावार आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध करावेत. डिस्चार्ज कार्डावरही ही तीन उत्तरे असावीत, म्हणजे बाळ पुन्हा आजारी पडले तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरला पहिल्यापासून अंदाज बांधत बसावे लागणार नाही.